कपाटावरची नऊ खोकी

साताऱ्याच्या घरी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या डोक्यावर अँटीव्हायरसची नऊ रिकामी खोकी एकावर एक रचून ठेवलेली आहेत. प्रत्येकाच्या कडेला अण्णांच्या वळणदार मास्तरी अक्षरात पेन्सिलीने दोन तारखा आहेत, कधी टाकला आणि कधी संपणार. आत सीडी, दुकानाचं बिल आणि नाण्याने खरवडलेला तो की-नंबरचा कागद. विम्याच्या पावत्या, घरपट्टी, गॅसचं पुस्तक आणि ही खोकी यांत अण्णांनी कधी भेद केला नाही. वेळेवर भरायचं आणि पावती जपायची.

या नवातली सहा मी आणून दिलेली. दिवाळीला पुण्याहून निघताना पिशवीच्या तळाशी एक खोकं असायचंच. पाडव्याच्या दुपारी बसून ते टाकायचं, स्कॅन लावायचा, शेवटी पडद्यावर हिरवी खूण आली की अण्णांना हाक मारून दाखवायची. ती खूण बघून मलाच बरं वाटायचं. वर्षभराचं आपलं कर्तव्य झालं, असं काहीसं. गेल्या जुलैमध्ये जे घडलं त्यानंतर त्या बरं वाटण्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे.

आधी त्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते सांगते. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला सतरा वर्षं झाली. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम धरलं, कोरेगाव तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायचं. सुरुवात घरातूनच झाली, माझ्या आजीपासून. मग तिच्या बहिणी, मग त्यांच्या जावा, मग शेजारची गावं. आधी सगळं वह्यांत होतं. नंतर सत्तरीला टेकलेल्या माणसाने एका बोटाने युनिकोडमधलं मराठी टाइपिंग शिकून ते टाइप करायला घेतलं. आज दोन हजार तीनशेच्या वर ओव्या त्या मशीनवर आहेत. प्रत्येकीखाली म्हणणारीचं नाव, गाव, माहेर आणि ती ओवी तिने कुणाकडून ऐकली ते. काहींचे आवाजही आहेत, मागे कोंबडा आरवतोय, कुणीतरी नातवंडाला दटावतंय. त्यातल्या निम्म्याहून अधिक बायका आता हयात नाहीत. व्हायरसने जाऊन जाऊन काय जाईल, असं कुणी विचारलं की माझ्यासमोर तो कोंबडा येतो.

व्हायरसशी माझी स्वतःची ओळख फार जुनी. मी डीटीपी करते, पुस्तकांची मांडणी. २००६-०७च्या आसपास आमच्या धंद्यात सगळा व्यवहार पेन ड्राइव्हवर चालायचा. लेखकाकडून माझ्याकडे, माझ्याकडून मुद्रितशोधकाकडे, तिथून प्रोसेसवाल्याकडे, तिथून छापखान्यात. एकच पेन ड्राइव्ह दिवसातून पाच मशिनींत जायचा आणि पाच ठिकाणचं काही ना काही घेऊन परत यायचा. पहिल्यांदा मी फसले ती एका पिवळ्या फोल्डरला. ‘न्यू फोल्डर’ नाव, चित्र हुबेहूब फोल्डरचं. उघडायला गेले, काहीच उघडलं नाही, पुन्हा टिचकी मारली. तो फोल्डर नव्हताच, प्रोग्रॅम होता. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे मागचं ‘डॉट ईएक्सई’ मला दिसलंच नव्हतं. शेजारच्या रकान्यात ‘फाइल फोल्डर’ऐवजी ‘ॲप्लिकेशन’ लिहिलेलं होतं, पण तो रकाना तेव्हा कोण बघत होतं! त्या दिवसापासून कुठलंही मशीन हाताखाली आलं की मी पहिल्यांदा शेपटं दाखवायची खूण चालू करते. आजही करते.

त्यानंतरचा एक प्रकार तर छापखान्यातल्या पोरांनाही पाठ झाला होता. पेन ड्राइव्ह लावावा तर आतले सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी तेवढेच शॉर्टकट. लोक रडकुंडीला यायचे. प्रत्यक्षात फाइली जागेवरच असायच्या, व्हायरसने फक्त त्या लपवलेल्या असायच्या. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून ‘ॲट्रिब’ची एक ओळ टाइप केली की एकेक फोल्डर परत दिसू लागायचा. एका कवीचा अख्खा संग्रह मी असा परत आणला होता. ते गृहस्थ माझ्या खुर्चीमागे उभे राहून एकेक नाव उमटताना वाचत होते. पेन ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्रॅम आपसूक चालू होण्याची जी सोय होती, ती मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही २०११ साली अपडेट देऊन बंद केली आणि हा रोग पुष्कळ ओसरला. अँटीव्हायरसने आधीची काही वर्षं जे झुंजून केलं, ते एका दार लावण्याने झालं. ही गोष्ट माझ्या मनात तेव्हा नीट रुजायला हवी होती.

अण्णांनी पहिलं खोकं घेतलं ते मात्र मला न विचारता. क्विक हील. कारण विचारलं तर म्हणाले, “अगं, क्विक हीलवाले कैलास काटकर मूळचे आपल्या रहिमतपूरचे.” माणूस कुठला, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यातला अभिमान मला कळतो. दहावीपर्यंत शिकलेला मुलगा पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागतो, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढतो. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत असतो. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनी पुन्हा पुन्हा व्हायरसनेच आजारी पडतायत हे बघून तो ते काढायचे प्रोग्रॅम लिहू लागतो. १९९३ला दोघांची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस, पुढे त्यातून क्विक हील, २००७ला कंपनीचं नावच ते होतं आणि २०१६ला तिचे शेअर बाजारात येतात. अण्णा हे वर्गात सांगावं तसं सांगतात.

मला या कहाणीत आणखी एक गोष्ट आवडते. तो धंदा दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झाला, समोर माणूस बसलेला असताना. जगभर फिरलेला पीसीचा पहिला व्हायरस ‘ब्रेन’, १९८६चा, तोही लाहोरच्या दोन भावांनीच लिहिला होता, बासित आणि अमजद फारुक अल्वी यांनी. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता, लागण झाली तर आमच्याशी संपर्क करा म्हणून. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती कोण काढतं हे त्यांना पाहायचं होतं. एकीकडे दोन भाऊ व्हायरस लिहितात आणि खाली पत्ता देतात, दुसरीकडे काही वर्षांनी दोन भाऊ तो काढायला बसतात. त्या काळी या दोन्ही टोकांना नाव-गाव असलेली माणसं होती.

जुलैमध्ये अण्णांशी जो बोलला त्याला नाव-गाव नव्हतं.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी अण्णा जात्याच्या खुंट्याचं एक जुनं चित्र शोधत होते. कुठल्याशा पानावर टिचकी मारली आणि अख्खा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. इंग्रजीतून एक बाई सांगू लागली की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घातक व्हायरस शिरलाय, बंद करू नका, बंद केलात तर सगळी माहिती जाईल. वर एका मोठ्या कंपनीचं चिन्ह, खाली फोन नंबर. माऊस हलेना. अण्णांच्या डोळ्यांसमोर ओव्या आल्या असणार. त्यांनी नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस अतिशय अदबीने हिंदीत बोलत होता. ‘सर’ म्हणत होता. त्याने एक छोटं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं, त्यातला नऊ आकडी नंबर सांगायला लावला आणि पडद्याचा ताबा घेतला. मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची विंडोजमधलीच एक यादी उघडून दाखवली. लाल फुल्या, पिवळे त्रिकोण, खाली आकडा ४१२. “सर, ये सब व्हायरस हैं.” अण्णांनी तो आकडा डायरीत लिहून घेतलाय, म्हणून मला माहीत. पुढे पाच वर्षांच्या संरक्षणाचे १४,९९९ रुपये. ते त्यांनी फोनवरून दिले.

अकरा दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी ओव्यांच्या तिसऱ्या भागाची मांडणी करत होते, एक गाव कोणतं ते विचारायला फोन केला तर म्हणाले, “मशीन बंद ठेवलंय जरा.” का, ते सांगेनात. आईने फोन घेतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन हळू आवाजात म्हणाली, “तू ये बाई एकदा. जेवणात लक्ष नाही यांचं.”

मी गेले. कॉम्प्युटरवर आईने शिवलेलं फुलांचं आवरण घातलेलं होतं, उन्हाळ्यात आम्ही सगळे गावी जायचो तेव्हा घालायचे तसं. अण्णांनी सगळं क्रमाने सांगितलं, काही न लपवता, माझ्याकडे न बघता. मी सर्वांत आधी काय केलं असेल तर आवरण काढून मशीन चालू केलं आणि अँटीव्हायरस बघितला. हिरवी खूण. मुदत संपायला तीन महिने बाकी. सगळं अपडेट. तो आपल्या जागी नेमका तसाच बसला होता जसा मी दिवाळीत बसवून गेले होते.

त्याने का रोखलं नाही? त्याच्या नजरेतून बघितलं तर काही घडलंच नव्हतं. लाल पान म्हणजे नुसतं वेबपान होतं, भोंगा म्हणजे एक ध्वनीची फाइल. असली पानं रोज नव्या पत्त्यावर उभी राहतात. दूरून ताबा घेण्याचं सॉफ्टवेअर खरंखुरं, हजारो प्रामाणिक दुरुस्तीवाले रोज वापरतात ते. आणि ते उतरवलं, चालू केलं, नंबर सांगितला तो घरच्या मालकाने, स्वतःच्या हाताने. हे कळल्यावर मला अण्णांचा नाही, माझाच राग आला. सहा दिवाळ्या मी खोकं देऊन निघून आले होते. असं काही पडद्यावर आलं तर मला फोन करा, कितीही वाजता करा, एवढं एक वाक्य मी कधी बोलले नव्हते.

त्या दिवशी मी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि तीच इव्हेंट व्ह्यूअरची यादी उघडली. माझ्याकडे लाल फुल्या त्यांच्यापेक्षा जास्त निघाल्या. छापखान्याचा प्रिंटर उत्तर देत नव्हता, एक लाल फुली. नेट गेलं, एक फुली. कुठली तरी सेवा सुरू व्हायला दहा सेकंद उशीर झाला, त्याची एक. धडधाकट मशीनवरही ही यादी अशीच भरलेली असते. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हजेरीपट होता हा.” शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला ते अचूक सापडलं. हजेरीपटावरच्या गैरहजेरीच्या खुणा दाखवून एखाद्याने सांगावं की तुमची शाळा बुडाली, तसं त्याने केलं होतं.

१९३० वर फोन केला. सायबर फसवणुकीसाठी केंद्र सरकारची ही हेल्पलाइन आहे. पैसे गेल्याबरोबर, पहिल्या काही तासांत कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही अकरा दिवसांनी गेलो होतो. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, पैसे अजून आलेले नाहीत. मला त्या पैशांपेक्षा त्या अकरा दिवसांचं जास्त लागतं. वेळ गेली ती भोळेपणामुळे नाही, संकोचामुळे गेली. ज्या माणसाने गावातल्या दोन पिढ्यांना शिकवलं त्याला ‘मला फसवलं’ हे मुलीला सांगणं किती जड गेलं असेल.

भावाचं म्हणणं ताबडतोब ठरलं होतं. सगळ्यात महागडा, सगळं असलेला अँटीव्हायरस घ्यायचा, मशीनला आपला पासवर्ड टाकायचा आणि अण्णांना फक्त टाइप करण्यापुरतं मोकळं ठेवायचं. तो काळजीनेच बोलत होता. पण मला ते पटेना. ऐंशीकडे झुकलेल्या माणसाने कष्टाने शिकलेलं यंत्र त्याच्याच घरात त्याच्यापासून कुलूपबंद करायचं, हे कसलं रक्षण? मी दिवाळीपर्यंत वेळ मागून घेतली आणि जे सहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. बसून नीट वाचलं.

आपल्याकडे अँटीव्हायरस निवडला जातो तो दुकानदाराच्या शब्दावर नाहीतर खोक्यावरच्या शब्दांवर. टोटल, प्रीमियम, अल्ट्रा. त्यापेक्षा कामाचं म्हणजे दोन संस्था, जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज. या वर्षानुवर्षं बाजारातले अँटीव्हायरस एकाच कसोटीवर घासून निकाल लावतात आणि तो कुणालाही फुकट वाचता येतो. एव्ही-टेस्ट तीन गोष्टींना प्रत्येकी सहा गुण देते. किती पकडलं, मशीन किती जड झालं आणि निरपराध फाइलींना किती वेळा उगाच धरलं. घरच्या माणसाने दुसरा आणि तिसरा रकाना पहिल्याइतकाच बघावा असं माझं मत झालंय. अण्णांच्या मशीनची रॅम ४ जीबी. त्यावर सकाळी स्कॅन सुरू झाला की एक ओळ उमटायला इतका वेळ लागे की ते स्कॅन मध्येच थांबवत. आणि टाइपिंगसाठीचं एक जुनं छोटं सॉफ्टवेअर अँटीव्हायरस सारखं उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयितांच्या कोठडीत, टाकी, म्हणून ते आधी अँटीव्हायरस बंद करून मग ते सुरू करायला शिकले होते. जे संरक्षण रोज बंद करावं लागतं ते कागदावर कितीही गुणांचं असो.

या निकालांतली सगळ्यात मोठी बातमी गेल्या दहा-एक वर्षांत हळूहळू घडली आणि खोकं विकणाऱ्या दुकानात ती कुणी सांगत नाही. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर. २००९मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी एसेन्शियल्स नावाने एक फुकट अँटीव्हायरस दिला होता, २०१२च्या विंडोज ८पासून तो डिफेंडर नावाने आतच येऊ लागला. सुरुवातीला तो या कसोट्यांत मागच्या बाकावर असे. आता तो चांगल्या पैशांच्या अँटीव्हायरसांच्या पंक्तीला बसतो. त्याचा एक उणेपणा आहे, त्याची बरीच ताकद इंटरनेटवरून येते, नेट नसेल तर तो जरा कमी पडतो. दुसरा अँटीव्हायरस टाकला की तो आपोआप बाजूला होतो. याचा अर्थ असा की त्या नऊ खोक्यांतल्या निदान शेवटच्या काहींमुळे अण्णांकडे आधीच असलेली वस्तूच झाकली गेली होती.

फुकट अँटीव्हायरसबद्दल मात्र मी सावध झाले. अव्हास्ट हे नाव आपल्याकडे घरोघरी होतं, माझ्याकडेही काही वर्षं होतं. ते बनवणाऱ्या कंपनीची जंपशॉट नावाची उपकंपनी अव्हास्ट वापरणाऱ्यांची वेबवरची ये-जा, कोण कुठल्या पानांवर गेला ते, इतरांना विकत होती. २०२०च्या जानेवारीत ती बंद केली गेली आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातीसाठी असा डेटा विकायला मनाई केली. बाकी कुठल्या ॲपने हे केलं असतं तर मी एवढी अस्वस्थ झाले नसते. अँटीव्हायरसचं तसं नाही. त्याला प्रत्येक फाइल उघडून बघण्याची मुभा आपण देतो, तो विंडोजच्या गाभ्यापर्यंत खोल बसतो. किती खोल, ते १९ जुलै २०२४ला सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशिनी निळ्या पडद्यावर अडकल्या. ते कार्यालयांसाठीचं सॉफ्टवेअर होतं, घरचं नाही. विमानतळांवर त्या दिवशी हाताने बोर्डिंग पास लिहून दिले जात होते. व्हायरस नव्हता, राखण करणाराच होता. म्हणून अण्णांचा ‘माणूस कुठला’ हा प्रश्न मला आता पूर्वीसारखा भाबडा वाटत नाही. मी तो वेगळ्या शब्दांत विचारते. याचं पोट कशावर चालतं, माझ्या वर्गणीवर की माझ्या माहितीवर?

आणि एक जुना धडा नव्याने वाचला. १२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचा, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस आला आणि दीडशेवर देशांत मशिनी कुलूपबंद करत सुटला. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्या मशिनींत तो त्या वाटेने येऊ शकला नाही, अँटीव्हायरस कुठलाही असो. अण्णांकडे विंडोज १०. त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, त्या वर्षीच्या दिवाळीच्या आठवडाभर आधी. त्यांचा प्रोसेसर जुना, विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने तेव्हा वर्षभराची वाढीव मुदत दिली होती, ती मी नोंदवली. खोक्यांचे पैसे आता नव्या मशीनसाठी साठवायचे ठरलंय.

दिवाळीत मी रिकाम्या हाताने गेले. आईने पिशवीत हात घालून विचारलंसुद्धा, “तुमचं ते खोकं राहिलं का?”

पाडव्याला अण्णा आणि मी शेजारी बसलो. जुना अँटीव्हायरस काढला, डिफेंडर जागा केला. अण्णांना तो काम करतो हे डोळ्यांनी पाहायचं होतं, तर त्यासाठी एक छान निरुपद्रवी युक्ती आहे. युरोपातल्या आयकार या संस्थेने ६८ अक्षरांची एक ओळ ठरवून दिली आहे. तिच्यात काहीही विष नाही, पण जवळजवळ सगळे अँटीव्हायरस तिला व्हायरस समजून धरायचं कबूल झालेले आहेत. नोटपॅडमध्ये मी ती ओळ अक्षर अक्षर टाइप केली, अण्णा पुस्तकातल्यासारखी बोटाने ताडून बघत होते. सेव्ह केलं. दोन क्षण फाइल दिसली आणि नाहीशी झाली, कोपऱ्यात सूचना आली.

“पण ही तर खोटी होती,” अण्णा म्हणाले.

“हो.”

“आणि जुलैतला खरा होता, त्याला नाही धरलं.”

मी गप्प बसले. त्यांनीच पुढे बोलावं असं वाटलं. थोड्या वेळाने म्हणाले, “याला चेहरे पाठ आहेत. मनात काय आहे ते नाही कळत याला.” अँटीव्हायरस ओळखीच्या खुणांवर किती चालतो आणि वागणुकीवर किती, यावर मी जे सगळं वाचून आले होते त्यातलं बहुतेक त्यात आलं. हल्लीचे अँटीव्हायरस वागणंही बघतात, एखादा प्रोग्रॅम भराभर सगळ्या फाइलींना कुलूप लावू लागला तर त्याला अडवतात. पण अदबीने ‘सर’ म्हणणाऱ्याचं वागणं कुठला प्रोग्रॅम ओळखणार.

मग बाकीचं केलं. रोज वापरायचं खातं साधं ठेवलं, काहीही नवं टाकायचं तर दुसऱ्या खात्याचा पासवर्ड मागतं असं. तो पासवर्ड मी माझ्याकडे ठेवला नाही. अण्णांच्या डायरीत, त्यांच्या अक्षरात आहे. भाऊ यावर नाराज झाला, अजून थोडा आहे. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं, कारण ती लाल पानं पुष्कळदा जाहिरातींच्या वाटेनेच येतात. डिफेंडरमध्ये ठरावीक फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू न देण्याची सोय असते, ती मुळात बंद असते. ओव्यांच्या फोल्डरसाठी ती चालू केली आणि टाइपिंगच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरला मुभा दिली. एक बाहेरची हार्डडिस्क आणली. शनिवारी लावायची, नक्कल घ्यायची, काढून कपाटात ठेवायची. काढून ठेवायची यावर मी दोनदा जोर दिला, कारण लावून ठेवलेली डिस्क मशीनबरोबरच कुलूपबंद होते. ओव्यांची आणखी एक प्रत माझ्याकडे पुण्यात.

माझ्या कामाच्या मशीनवर मात्र मी पैसे मोजूनच अँटीव्हायरस ठेवला आहे. माझ्याकडे अजूनही परक्यांचे पेन ड्राइव्ह येतात, मशीन कितीदा तरी नेटशिवाय चालतं, आणि लोकांची पुस्तकं माझ्या जिम्मेवर असतात. दोन घरांत दोन वेगळी उत्तरं आली याचं मला काही वाटत नाही.

मॉनिटरच्या खाली एक कागद चिकटवला आहे. तो मी लिहिणार होते, अण्णांनी पेन घेतलं. तीन ओळी आहेत. ‘कोणतीही कंपनी पडद्यावर फोन नंबर देऊन बोलावत नाही. एस्केप दाबून धरावे. न गेल्यास बटण बंद करावे व ताईला फोन करावा.’ त्याखाली १९३० आणि माझा नंबर, तो त्यांना पाठ असूनसुद्धा.

परवा रात्री पावणेदहाला फोन आला. मी भांडी आवरत होते. “लाल नाही, निळं आहे या वेळी,” अण्णा म्हणाले, आवाजात धाप होती. “वाचून दाखवू?” मी हात पुसले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. त्यांनी सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत, इंग्रजी शब्द एकेक सुटा करत, फोन नंबरसकट. दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलंय हे सांगायलाही थांबले. मागे तोच भोंगा वाजत होता.

“एस्केप दाबून धरलंत?”

“आता धरतो.” मग शांतता. भोंगा थांबला. “गेलं.”

मी म्हटलं, बरं झालं. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “आता फोन केलाच आहेस तर ऐक,” ते म्हणाले, फोन त्यांनीच केला होता तरी. “वाठारच्या आजींच्या ओवीत एक शब्द अडलाय.”